पाय जमिनीवर असलेली दांडगी : 'अवतार'मधली टॉफ

'टॉमबॉय'ला मराठीत नेमका शब्द नाही. दांडगी, धटिंगण, आडदांड, उनाड, 'अगदी पोरासारखी' असे शब्द आहेत, पण ते बहुतेक रागावताना वापरायचे. लहान मुलांच्या अॅनिमेशन मालिकांनी या दांडग्या मुलीला नायिकेचा पाट दिला खरा, पण तोही बऱ्याचदा स्वस्तात. केस कापले, हातात तलवार दिली, 'मला असले नटवे कपडे नकोत' हे एक वाक्य तोंडी घातलं की झालं. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या मालिकेतली टॉफ बेफाँग त्या रांगेत बसत नाही. तिचा दांडगेपणा तिला जग जसं कळतं त्यातूनच उगवतो, आणि जग तिला कसं कळतं याचे नियम ही मालिका फार क्वचित मोडते. हे परीक्षण प्रामुख्याने त्या नियमांचं आहे.

आधी जुजबी माहिती. मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को यांची ही मालिका अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर फेब्रुवारी 2005 ते जुलै 2008 या काळात दाखवली गेली. तीन पर्व, एकूण 61 भाग, प्रत्येक भाग साधारण 23 मिनिटांचा. पाणी, पृथ्वी, अग्नी, वायू अशा चार तत्त्वांची चार राष्ट्रं; त्यातल्या काही माणसांना आपापल्या तत्त्वावर हुकमत असते, तिला बेंडिंग म्हणतात. चारही तत्त्वं साधणारा एकच, तो अवतार. इथे तो आंग नावाचा बारा वर्षांचा पोरगा आहे आणि त्याला पृथ्वीतत्त्व शिकवायला गुरू हवा आहे. तो गुरू म्हणजे टॉफ: तीही बारा वर्षांचीच, जन्मांध, गडगंज घरातली एकुलती एक, आणि अनवाणी.

ती पहिल्यांदा नीट भेटते दुसऱ्या पर्वाच्या सहाव्या भागात, 'द ब्लाइंड बँडिट'मध्ये. म्हणजे 25 भाग उलटून गेल्यावर. (त्याआधी 'द स्वाम्प'मध्ये आंगला दलदलीत तिचा आभास होतो, तेवढाच.) हा उशीर खटकतो, पण तिचं आगमन तो भरून काढतं. अर्थबेंडरांच्या, म्हणजे पृथ्वीतत्त्वावर हुकमत असणाऱ्यांच्या, कुस्त्यांचा आखाडा, समोर 'द बोल्डर' नावाचा पहाडासारखा मल्ल, आणि गेल्या वेळची विजेती म्हणून उभी राहते एक किडकिडीत, बुटकी, आंधळी पोर. बोल्डर पुढे पाऊल टाकायला पाय उचलतो. तो पाय टेकायच्या आत टॉफ आपली टाच किंचित सरकवते, त्याच्या पायाखालची जमीन घसरते आणि गड्याचे दोन पाय दोन दिशांना जातात. मग दगडाचे खांब उसळतात आणि तो आखाड्याबाहेर. दोन-तीन हालचालींत खेळ खलास. हा प्रसंग थांबवून थांबवून पाहण्यासारखा आहे, कारण तिचं सगळं तंत्र त्यात उघडं पडतं: आधी वाट पाहणं, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते ऐकणं, आणि मग अगदी थोडक्यात काम उरकणं.

ती 'पाहते' ती तळपायांनी. जमिनीतून येणारी थरथर तिला कळते; कोण कुठे उभा आहे, किती जड आहे, श्वास कसा चाललाय, काळजाचे ठोके वाढलेत का, सगळं. मालिकेतलं अर्थबेंडिंग एरवी हुंग गार या चिनी युद्धकलेवर बेतलेलं आहे: रुंद पवित्रा, घट्ट रोवलेले पाय, जोरकस ठोसे. टॉफसाठी मात्र वेगळी शैली निवडली गेली, चू गार घराण्याची 'दक्षिणी प्रेयिंग मँटिस'. तिच्यात हालचाल आखूड असते, हात अंगालगत राहतात, पाऊल फार उचललं जात नाही. जी मुलगी पायांनी बघते तिने पाय उगाच हवेत का ठेवावा? आंग आणि टॉफ शेजारी शेजारी उभे असताना फक्त त्यांच्या पायांकडे बघा. तो सतत चवड्यावर, ती सपाट तळव्यावर. एकही संवाद न ऐकता दोघांचे स्वभाव कळतात.

आता नियम. टॉफचं सामर्थ्य कुठे चालतं आणि कुठे आंधळं होतं, हे पृष्ठभागावर ठरतं, आणि लेखकांनी हा हिशेब चोख ठेवला आहे.

खडक आणि घट्ट माती म्हणजे तिला लख्ख उजेड. वाळूत सगळं धुरकट होतं, कारण सुटे कण थरथर नीट पोचवत नाहीत. 'द लायब्ररी'मध्ये याची जबर किंमत मोजावी लागते. मित्र आत असताना वाळूत खचणारी इमारत ती एकटीने तोलून धरते, त्याच वेळी वाळवंटातले चोर त्यांचा उडता बैल अप्पा पळवून नेतात, आणि तिला ते धड दिसतही नाहीत, धड हात मोकळा करून अडवताही येत नाहीत. पुढच्या 'द डेझर्ट'मध्ये आंग तिच्यावर भडकतो. प्रेक्षकाला मात्र आधीपासून ठाऊक असतं की तिने जे निवडलं त्याला पर्याय नव्हता. नियम आधी सांगून ठेवले की संकट उपरं वाटत नाही ते असं.

हवेत ती पूर्ण आंधळी. अप्पाच्या पाठीवर बसली की कशाला तरी घट्ट धरून बसते आणि वरून काय दिसतंय याच्या गप्पा सुरू झाल्या की करवादते. आंगने आखाड्यात तिला हरवलं तेही यामुळेच: तो हलका, सारखा हवेत, मग तो कुठे आहे हे तिला कळणार कसं? पाण्याची तिला भीती, पोहता येत नाही, बर्फावर पाऊल ठेवायला नको असतं. 'द सर्पंट्स पास'मध्ये हे सगळं एकाच दृश्यात अंगावर येतं. लाकडी कोठडीत ती इतर कैद्यांसारखीच कैदी. तिसऱ्या पर्वातल्या 'द रनअवे'मध्ये तिला आणि गटातल्या पाणीतत्त्ववाल्या कटाराला मुद्दाम लाकडी तुरुंगात टाकलंय, आणि सुटकेची युक्ती कटाराला स्वतःच्या घामातून काढावी लागते, शब्दशः.

शत्रूच्या, म्हणजे अग्निराष्ट्राच्या, देशात वेष पालटायची वेळ येते ('द हेडबँड') तेव्हा पायात काहीतरी घालणं भाग असतं. टॉफ जोडा चढवते आणि त्याचा तळवाच उडवून टाकते. वरून जोडा, खालून अनवाणी. एक-दोन सेकंदांचा विनोद, पण नियम विसरलेला लेखक हा विनोद लिहूच शकला नसता.

धातूची गोष्ट सगळ्यात सुंदर बांधली आहे. 'द ड्रिल'मध्ये एक अवाढव्य लोखंडी यंत्र शहराची तटबंदी पोखरत येतं. बाकीचे आत शिरतात, टॉफ साफ नकार देते: आत सगळं लोखंड, तिथे आपलं काही चालणार नाही, मी बाहेरून अडवते. तेव्हा हे वाक्य जाता जाता येतं. पाच भागांनंतर 'द अर्थ किंग'च्या शेवटी तिच्या बापाने पाठवलेले दोघे तिला फसवून लोखंडी पेटीत कोंडतात, आणि पुढच्या 'द गुरू'मध्ये ती त्या पेटीतच असते, तेव्हा ते वाक्य आठवतं. अर्थबेंडरांना धातू वाकवता येत नाही ही त्या जगातली सर्वमान्य समजूत. टॉफ पेटीवर ठोके देते, हात फिरवते, ठोके देते, आणि शोधते ते धातूत शिल्लक राहिलेले मातीचे कण. शेवटी धातू म्हणजे शुद्ध केलेली मातीच. त्या कणांना धरून ती पत्रा चुरगाळते. नवी शक्ती आकाशातून टपकत नाही; जमिनीतली बारीकसारीक थरथर ओळखायची जी सवय तिला जन्मभर होती तीच एक पायरी पुढे जाते. म्हणूनच हा शोध डोळस अर्थबेंडरांना इतक्या वर्षांत लागला नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

खोटं ओळखण्याच्या कलेलाही कुंपण आहे. काळजाचे ठोके आणि श्वास यांवरून ती खरं-खोटं सांगते. पण 'लेक लाओगाय'मध्ये दोन माणसं एकमेकांविरुद्ध सांगतात आणि टॉफ म्हणते, दोघंही खरंच बोलतायत. म्हणजे तिला कळतं ते इतकंच की बोलणाऱ्याचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास आहे की नाही. त्याचा मेंदू आधीच कुणी धुतला असेल तर तिचा इलाज नाही. पुढे शत्रूची राजकन्या अझूला तिच्या तोंडावर धादांत अशक्य थाप मारते आणि ठोका चुकत नाही. इथे अझूलाचं पात्रही एका वाक्यात उभं राहतं. कुरबूर करायचीच तर एवढी, की मधल्या काही प्रसंगांत ही कला लेखक सोयीने विसरतात. ती जवळ उभी असताना एखादा सरळ खोटं बोलून जातो आणि टॉफ गप्प.

आता मूळ मुद्द्याकडे, दांडगेपणाकडे. या जातीच्या नायिका तीन ठिकाणी हटकून फसतात. एक, तिला बाकीच्या मुलींचा तिटकारा दिला जातो, जणू मुलगी असणंच कमीपणाचं. दोन, नटवण्याचा भाग: कुणीतरी तिला सजवतं, सगळे थक्क होतात, आणि 'खरी' ती हीच असं सुचवलं जातं. तीन, प्रेमात पडली की माणसाळते.

पहिला खड्डा लेखकांनी आडवळणाने टाळला आहे. टॉफचं आणि कटाराचं पटत नाही, पण भांडण फ्रॉक आणि वेण्यांचं नाही, तंबू कुणी ठोकायचा याचं आहे. 'द चेस'मध्ये सगळे मिळून मुक्काम मांडतात, टॉफ आपलं अंथरूण, आपला आडोसा तेवढा करून आडवी होते. माझं मी केलं, मग मला का बोलता? कटाराला तो आळस वाटतो. खरं कारण बऱ्याच वेळाने, एका अनोळखी म्हाताऱ्याशी चहा पिताना बाहेर येतं: आयुष्यभर सगळ्यांनी तिला कुणाच्या तरी हाताला धरूनच चालायला लावलंय, त्यामुळे मदत घेणं आणि देणं दोन्हींचा तिला संशय येतो. तिच्या आईबापांनी तर गावालाही कळू दिलं नाही की आपल्याला मुलगी आहे. अशा घरात मऊ बोलणं हेच पिंजऱ्याचं गज झालेलं असतं. मग ती जोरात हसते, कान कोरते, ढेकर देते, लोकांना टोपणनावं ठेवते यात नवल काय?

दुसरा खड्डा त्यांनी मुद्दाम खणला आणि मग त्यावरून उडी मारली. 'टेल्स ऑफ बा सिंग से'च्या पहिल्या तुकड्यात कटारा टॉफला मालिश-शृंगाराच्या ठिकाणी नेते. टॉफला चक्क मजा येते. बाहेर पडल्यावर पुलावर काही नटव्या पोरी तिच्या रंगवलेल्या चेहऱ्याची खिल्ली उडवतात. टॉफ आधी त्यांच्यासोबत हसते, मग पुलाला भोक पाडून त्यांना नदीत सोडते. खरं दृश्य त्यानंतरचं आहे. ती म्हणते, आपण कशा दिसतो याची मला पर्वा नाही, आणि ते म्हणताना डोळ्यांतून पाणी येतं. कटारा तिला सुंदर म्हणते. ते ऐकून तिला बरं वाटतं. दांडग्या मुलीलाही हे ऐकायला आवडू शकतं आणि तरी उद्या ती अनवाणीच फिरेल, या दोन्ही गोष्टी चार-पाच मिनिटांत एकत्र नांदतात. दुसऱ्या दिवशी तिचे कपडे बदलत नाहीत, केस बदलत नाहीत, यावर एक शब्दही कुणी काढत नाही.

तिसऱ्या खड्ड्याचं काय? कटाराचा भाऊ सोक्का तिला थोडा आवडतो, हे कळतं 'द सर्पंट्स पास'मध्ये. बुडताना कुणीतरी वाचवतं, तो सोक्काच असं समजून ती गालावर ओठ टेकवते, आणि वाचवणारी निघते सूकी, त्यांच्या सोबतची योद्धा मुलगी. यानंतरचं तिचं वाक्य मालिकेतल्या सर्वोत्तम विनोदांपैकी आहे, म्हणून इथे फोडत नाही. पुढे या ओढीचं काही होत नाही, तिला त्यातून शहाणपण वगैरे येत नाही. शेवटच्या भागात उडत्या जहाजावरून ती सोक्काच्या एका हाताला लोंबकळत असते, खाली हवा, म्हणजे तिच्यासाठी ठार अंधार. ती रडते. मालिकेतली सगळ्यात ताकदवान अर्थबेंडर, आणि पायाखाली जमीन नसताना बारा वर्षांची पोर. त्या क्षणाला प्रेमाचं संगीत लावलेलं नाही, हे लेखकांचे उपकार.

गुरू म्हणून ती भयानक आहे आणि तेच 'बिटर वर्क'चं सार. आंगचा स्वभाव वाऱ्याचा, अडथळा आला की वळसा घालायचा. दगडाशी समोरासमोर भिडावं लागतं. टॉफ त्याला दगडापुढे उभं करते, हिणवते, त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून उतारावरून शिळा सोडते, आणि काहीच जमेना तेव्हा त्याच्या जपलेल्या दांड्याने त्याच्याच पिशवीतले कवचाचे दाणे फोडून खाते. हे शेवटचं औषध लागू पडतं. तिने शिळा हलवायला शिकवलं नाही, 'नाही' म्हणायला शिकवलं. कटारा मध्ये पडून सांगते की जरा कौतुकाने शिकव. टॉफ तो सल्ला ऐकते आणि त्याचा जो अर्थ लावते तो बघण्यासारखा आहे.

एक माहिती इथे हवीच. मूळ आराखड्यात आंगचा हा गुरू दणकट बाप्या होता. मुख्य लेखक आरन एहाझ यांनी ती मुलगी असावी असा आग्रह धरला. तिसऱ्या पर्वातल्या 'द एम्बर आयलंड प्लेयर्स'मध्ये नायक मंडळी स्वतःवरच लिहिलेलं एक वाह्यात नाटक बघायला जातात. बाकीच्यांना आपापले नट बघून लाज वाटते, टॉफची भूमिका मात्र करतो एक धिप्पाड पुरुष. टॉफ खूश! जुन्या आराखड्याला दिलेली ही टपली, आणि त्याच वेळी तिच्या स्वभावाची नेमकी कसोटी. इंग्रजीत तिचा आवाज जेसी फ्लॉवर यांचा. तेव्हा त्या स्वतः लहानच होत्या, त्यामुळे तो खरखरीत, उर्मट सूर मोठ्या बाईने काढलेला वाटत नाही.

आता जिथे मालिका उणी पडते ते. पहिली तक्रार अंधत्वाची. सपाट जमिनीवर टॉफला डोळस माणसापेक्षा जास्त दिसतं, त्यामुळे लांबच लांब पट्ट्यांत तिचं आंधळेपण फक्त विनोदापुरतं उरतं. कागद उलटा धरला, पोस्टर उलटं चिकटवलं, काहीतरी दिसल्यासारखं ओरडून बाकीच्यांना फसवलं. विनोद चांगले आहेत आणि बहुतेक ती स्वतःच करते, हेही खरं. तरीही रोजच्या अडचणी, वाचता न येणं, नवं ठिकाण, गर्दी, यांना फार थोडी जागा मिळते. 'द रनअवे'च्या शेवटी ती कटाराला घरी पाठवायचं पत्र लिहून द्यायला सांगते, तेव्हा जाणवतं की अशी दृश्यं आणखी हवी होती.

दुसरी तक्रार तिसऱ्या पर्वाची. शत्रूचा राजपुत्र झूको बाजू बदलून गटात आल्यावर आंग, सोक्का, कटारा या तिघांना त्याच्याबरोबर एकेक स्वतंत्र मोहीम मिळते, टॉफला नाही. उलट तो येतो त्या रात्री एकटी त्याच्याशी बोलायला जाते ती, आणि दचकून त्याने सोडलेल्या ज्वाळेने तिचे तळपाय भाजतात. म्हणजे तिचे डोळेच. ती अक्षरशः रांगत परत येते. एवढा मोठा घाव, आणि काही भागांत विषय संपला. लेखकांनाही चूक जाणवली असावी: अखेरच्या चार भागांत टॉफ स्वतःच कुरकुरते की सगळ्यांना झूकोबरोबर सहल मिळाली, मलाच नाही, ती बालपणाची कर्मकहाणी सुरू करते आणि झूकोचं लक्षच नसतं. गंमत वाटते, पण त्याने भरपाई होत नाही. तिच्या आईबापांचा धागाही या 61 भागांत सुटत नाही, पत्र जातं आणि तिथेच राहतं.

कसं बघावं? अमेरिकेत मालिकेला सात वर्षांपुढच्या मुलांसाठीचा दर्जा होता आणि तो रास्त आहे, एक-दोन भाग वगळता. तिसऱ्या पर्वातला 'द पपेटमास्टर' हा उघड भयकथेचा भाग आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला रात्री लावून देऊ नये. थेट टॉफपासून सुरुवात करायचा मोह टाळा. आंग किती पळपुटा आहे आणि कटारा का सगळ्यांची आई झाली आहे हे पहिल्या पर्वातच कळतं, आणि ते कळल्याशिवाय 'द चेस'मधलं भांडण नुसती कटकट वाटेल. फारच घाई असेल तर पहिल्या पर्वाचे पहिले तीन आणि शेवटचे दोन भाग पाहून दुसऱ्या पर्वात शिरा, तिथून मात्र एकही गाळू नका. 'टेल्स ऑफ बा सिंग से' हा तुटक गोष्टींचा, कथानक पुढे न नेणारा भाग म्हणून गाळला जातो. टॉफसाठी तो अत्यावश्यक आहे, आणि त्यातलाच झूकोच्या काकाचा, आयरोचा, तुकडा बघताना मोठ्यांनी रुमाल जवळ ठेवावा.

चित्र 4:3 चौकटीत आहे, म्हणजे रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच. टीव्ही ते ताणून पडदाभर करत असेल तर ती सोय बंद करा. ताणलेल्या चित्रात सगळे बुटके-रुंद दिसतात आणि पायांच्या पवित्र्यांची सगळी मजा जाते. आवाज मात्र थोडा मोठा ठेवा, शक्य असल्यास चांगल्या हेडफोनवर. टॉफ पाय आपटते तेव्हा पडद्यावर तिच्या पायापासून वर्तुळं पसरतात आणि खालच्या पट्टीतला दबका ठोका येतो, टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून तो बऱ्याचदा गायब असतो.

आणि अखेरच्या चार भागांपैकी पहिल्याची सुरुवात चुकवू नका. युद्ध तोंडावर, सगळे समुद्रकिनाऱ्यावर खेळतायत. सोक्का वाळूचं काहीतरी ओबडधोबड थापतो. टॉफने शेजारी अख्खं बा सिंग से शहर उभं केलेलं असतं, तटबंदीपासून राजापर्यंत. वाळवंटात जी वाळू तिला धुरकट दिसत होती, तीच वाळू. मधल्या काळात ती गपचूप सराव करत होती.